आठ नंबरचा खोका

तुमच्या घरात बुटांचा एखादा रिकामा खोका असेलच. त्याच्या अंगावर काय छापलं आहे, हे उठून न बघता सांगता येईल का तुम्हाला?

मला सांगता आलं नसतं, आणि आमच्या क्वार्टरमध्ये तर असे सात-आठ खोके होते. कारखान्यातल्या प्रत्येक कायम कामगाराला वर्षातून एकदा सेफ्टी शूज मिळायचे. जाड काळ्या चामड्याचे, बोटांवर आतून पोलादी वाटी बसवलेले, इतके जड की लहानपणी मी ते एकेक करून दोन्ही हातांनी उचलायची. बूट बाबांच्या पायातून कारखान्यात जायचे आणि खोका घरात राहायचा. एका खोक्यात विजेची बिलं, एकात आईच्या शिवणाची रिळं, एकात गणपतीच्या आराशीच्या झिरमिळ्या, एकात माझी शाळेतली प्रशस्तिपत्रकं. शेजारच्या पागेकाकूंकडे एका खोक्यात मांजर व्याली होती आणि तिची तिन्ही पिल्लं त्यातच डोळे उघडून मोठी झाली. अख्ख्या टाउनशिपचा निम्मा संसार त्या करड्या पुठ्ठ्यात मावलेला होता. खोक्याच्या एका अंगाला बुटाचं चित्र असायचं आणि त्याखाली ठळक आकडा. आम्हाला तो आकडा दिसत नसे. रोज हाताखालून जाणारं माणसाला दिसेनासं होतं.

बाबा नागपूरकडचे, आई उज्जैनची आणि मी भोपाळात जन्मलेली, त्यामुळे दोन खोल्यांच्या त्या घरात तीन तऱ्हेची मराठी नांदायची. बाबांच्या वाक्याच्या शेवटी 'नं' यायचा. आई "मला मालूम आहे" म्हणायची आणि भाजी 'बनवायची' नाही, 'छौंकायची'. मी शाळेत हिंदी, घरात मराठी आणि भांडताना दोन्ही बोलायची. पहाटे कारखान्याचा पहिला भोंगा व्हायचा, मग सायकलींच्या घंट्यांचा एक लोंढा आमच्या खिडकीखालून वाहून जायचा आणि तो ओसरला की एकदम सगळीकडे प्रेशर कुकरच्या शिट्ट्या सुरू व्हायच्या. रविवारी आई दाल-बाफले करायची, म्हणजे वरण आणि उकडून भाजलेले कणकेचे गोळे. बाफले तुपात बुडवताना ती बाबांकडे बघायची, कारण नागपूरच्या माणसाला एवढं तूप बघवत नाही असा तिचा पक्का समज होता. बाबा मुकाट्याने चार बाफले खायचे.

बाबा फिटर होते, आणि युनियनचे परचे लिहायचे. परचा म्हणजे पत्रक, पण पत्रक म्हटलं की मला त्याला शाईचा वास येत नाही. शनिवारी दुपारी ते पाटावर स्टेन्सिलचा मेणकागद पसरायचे आणि टोकदार लोखंडी लेखणीने अक्षरं कोरायचे. त्याची बारीक खरखर ऐकत मी कितीदा झोपले असेन. छापून आलेल्या गठ्ठ्यांच्या घड्या घालायचं काम माझं. उरलेल्या परच्यांच्या पाठीवर मी गणितं सोडवली, आईने त्याच परच्यांनी डब्यांचे तळ झाकले, त्यांच्यावर चकल्या पाडल्या. मी वाचायला शिकले तेव्हा मला सगळ्यांत आधी ओळखता आलेला शब्द 'साथियो' होता. सोळाव्या वर्षापर्यंत मी स्वतःही चार परचे लिहून मोकळी झाले होते. त्यातला एक शाळेच्या लायब्ररीची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात का असते यावर होता, आणि मुख्याध्यापकांनी तो बाबांना बोलावून दाखवला होता. पागेकाकू ग्वाल्हेरच्या. तिथली माणसं टोमणासुद्धा अदबीने मारतात. मी दारात दिसले की त्या म्हणायच्या, "या पुढारीणबाई, आज कुणाचं तख्त उलथायचंय?"

आमच्या ब्लॉकच्या मागे एक भिंत होती आणि भिंतीपलीकडे ठेक्याच्या मजुरांच्या झोपड्या. कारखान्याच्या यार्डात माल चढवायला-उतरवायला ठेकेदाराने बुंदेलखंडातून, टीकमगढ-सागरकडून आणलेली माणसं. भिंतीला एक खिंडार होतं, आणि त्यातून त्यांची पोरं आमच्या ब्लॉकमागच्या नळावर पाण्याला यायची. त्यांत रज्जो नावाची एक दहा वर्षांची मुलगी होती. बादली तिच्या कमरेएवढी, वेण्यांना रिबिनीच्या जागी कुठल्याशा साडीची किनार. टाउनशिपच्या टोकाला असलेल्या सरकारी शाळेत ती दुसरीत बसायची आणि दिसेल ते मोठ्याने वाचायची. नळाजवळची 'पानी व्यर्थ न बहाएँ' ही पाटी, विजेच्या खांबावरचा धोका, आमच्या कचऱ्यातला फाटका परचा. एकदा तिने मला विचारलं, "दीदी, ये 'शोषण' क्या होता है?" मी नळाशी उभी राहून तिला पंधरा मिनिटं सांगत होते. तोवर तिची बादली भरून वाहत राहिली, आणि पाटी तर तिनेच वाचून दाखवली होती.

दिवाळीत त्या मुलांना खाऊचे खोके द्यायची कल्पना आईची. महिला मंडळात तिने ती मांडली तेव्हा पहिला प्रश्न आला की एवढ्या मुलांना परवडेल असं काय देणार. आई म्हणाली, "खोके घरात आहेत. फराळ करायचाच आहे, घाणा थोडा वाढवू. बाकी जे लागेल ते टी. टी. नगरच्या बाजारातून ठोक भावाने आणू." मग तिने आपला नियम सांगितला. खोक्यात असं काहीही घालायचं नाही ज्याच्यासाठी त्या घरच्या आईला पुन्हा खर्च करावा लागेल. कुणीतरी टिकल्यांची पिस्तुलं सुचवली होती. "पिस्तूल देशील," आई म्हणाली, "पण टिकल्या संपल्या की पोरगं कुणाच्या नावानं रडेल?" पिस्तूल गेलं. रंगपेटी गेली, कारण कागद कोण देणार. राहिलं ते असं: शंकरपाळे, दोन बेसनाचे लाडू, साबणाची वडी, कंगवा, खोबरेल तेलाची छोटी बाटली, दोन पणत्या वातीसकट आणि फुलझड्यांचं एक पाकीट. आज मी मोठमोठ्या संस्थांच्या याद्या बघते तेव्हा मला आईचा तो नियम आठवतो. तिच्या यादीत एकही वस्तू घेणाऱ्याला भारी पडणारी नव्हती.

मी मात्र या सगळ्याच्या विरोधात होते. दान म्हणजे अन्यायाला लावलेलं मलम, असं मी नुकतंच कुठल्याशा परच्यात वाचलं होतं आणि ते वाक्य मला स्वतःलाच सुचलंय असं वाटायला लागलं होतं. आईने माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. आता मलम लावून झालं असेल तर शंकरपाळे काप." मी कापायला बसले, पण हार मानली नाही. संधी मिळाली ती कागदावरून. खोके भरले की ते रंगीत पतंगी कागदात गुंडाळायचे, वर सुतळीऐवजी लाल दोरा बांधायचा, असं आईच्या मनात होतं. मंडळाच्या बैठकीत मी उभी राहिले.

"कागद फाडून फेकून देणार ती मुलं. त्यापेक्षा तेवढ्यात प्रत्येकाला एक वही येईल. वर चमकदार कागद लावून आपण काय झाकतोय? गरिबी?"

"गरिबी नाही गं," आई म्हणाली. "खोका झाकतोय. वापरलेला खोका असा उघडा देतात का कुणाच्या हातात? भेट आहे ती."

"खोट्या प्रतिष्ठेची गरज त्यांना नाही, आपल्याला आहे," मी म्हणाले. हे वाक्य माझं होतं, आणि त्याचा मला फार अभिमान वाटला.

पागेकाकू आईकडे बघून म्हणाल्या, "सुधाबाई, पोरगी बोलते चांगलं. वही काही वाईट नाही." हात वर झाले, कागद गेला आणि वही आली.  आईने कागदासाठी काढून ठेवलेला लाल दोरा परत रिळांच्या खोक्यात ठेवला, एवढं मला आठवतंय.

मग आमच्या व्हरांड्यात चार दिवस खोके भरणं चाललं. बायकांनी घरोघरचे खोके रिकामे करून आणले होते. बिलं, रिळं, बटणं तेवढ्यापुरती पिशव्यांत गेली होती. व्हरांड्यात एकापुढे एक आसनं टाकली होती आणि खोका हातोहात पुढे सरकायचा. तळाला साबण नि तेल, मध्ये वही उभी, तिच्या आड फुलझड्या, म्हणजे लाडवाचं तूप त्यांना लागणार नाही. वर शंकरपाळ्यांची पुडी. आतून तेलाचा वास, बाहेर गुलमोहराखाली सायकली, आणि पागेकाकूंची अखंड टीका: "हा लाडू कुणी वळला? याने दगडफेक करायची का?" माझ्याकडे शेवटचं आसन होतं, झाकण लावायचं. झाकण लावण्याआधी मी प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर माझ्या हाताने एक ओळ लिहायची: 'यह दान नहीं, तुम्हारा हक़ है.' हे कुणाला विचारून नव्हतं. आईने एकदा वाकून वाचलं आणि पुढचा खोका सरकवला.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी टाउनशिपच्या मैदानात वाटप झालं. सतरंजी, माइक, हार, एक मोठे साहेब. साहेबांना पुढे कुठे जायचं होतं, त्यामुळे मुलांना रांगेत उभं करून भराभर खोके दिले. मैदानात कचरा नको म्हणून माइकवरून सांगितलं, घरी जाऊन उघडा. मुलं खोके छातीशी धरून खिंडारातून पलीकडे गेली. रज्जोला तिचा खोका मी दिला होता. तिने तो तिथेच उलटसुलट करून बघितला, आणि वाचण्यासारखं काही सापडल्यासारखी हसली. त्या दिवशी आम्ही सगळे खूश होतो. मीसुद्धा. दानाच्या विरोधात असलेल्या माणसालाही वाटून झाल्यावर इतकं बरं का वाटावं, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही.

धनत्रयोदशीच्या दुपारी आई सोऱ्यातून चकल्या पाडत होती आणि मी दारात रांगोळी काढत होते. रज्जो आली. बादली नव्हती. हातात तोच खोका, रिकामा. तिने तो रांगोळीला धक्का लागू न देता पायरीवर ठेवला आणि म्हणाली, "दीदी, आप बापू से कह दो ना कि इसमें जूते नहीं थे."

मला काही समजेना. तिने खोक्याला बोट लावून दाखवलं, बुटाचं चित्र आणि खाली आठ. मग तिने जे सांगितलं ते असं. तिचे वडील हलकेराम यार्डात ओतीव लोखंड ट्रॉलीवर चढवायचे. पायात टायरच्या चपला. पावसाळ्यात एक तुकडा अंगठ्यावर पडला होता. त्यानंतर ठेकेदाराने सगळ्यांना कागदावर उभं करून पायाभोवती पेन्सिल फिरवली, नंबर सांगितले आणि म्हणाला, दिवाळीपर्यंत बूट येतील, तुमचा हक्कच आहे तो. हलकेरामांचा नंबर आठ. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, आकडे मात्र येत होते. रविवारी संध्याकाळी ते कामावरून परत आले तर झोपडीत खोका, त्याच्यावर बूट, बुटाखाली आठ. वहीतली ओळ रज्जोनेच त्यांना कौतुकाने वाचून दाखवली होती: तुम्हारा हक़ है. आणि रज्जोच्या हातात नव्या फुलझड्या, अंगाला साबणाचा वास. त्यांनी विचारलं, जूते कहाँ हैं? ती म्हणाली, नव्हते. त्यांना वाटलं, पोरीने भंगारवाल्याला बूट देऊन त्यांच्या बदल्यात हे सगळं आणलं.

"मारा?" मी विचारलं.

"नहीं." ती खोक्याकडे बघत होती. "बोलते ही नहीं हैं. भाईदूज के बाद काका गाँव जा रहे हैं, उनके साथ भेज देंगे. कहते हैं, शहर में मोड़ी झूठ सीख गई." मोड़ी म्हणजे मुलगी. "गाँव में स्कूल नहीं है, दीदी."

मी रांगोळी तशीच टाकून उठले. माझ्या डोक्यात वाक्यं तयार व्हायला लागली होती, ठेकेदारी, व्यवस्था, पिळवणूक. आईने गॅस बंद केला, हात धुतले, पदर नीट केला आणि खोका स्वतः उचलला. "तू चल," ती मला म्हणाली, "पण आधी मी बोलेन."

खिंडारातून पलीकडे जायची माझी ती पहिलीच वेळ. आजही लिहिताना मला याची लाज वाटते. 'मजदूर' हा शब्द मी तोवर शेकडो वेळा लिहिला असेन आणि ही भिंत आमच्या मोरीपासून वीस पावलांवर होती. हलकेराम बाजेवर बसले होते, उजव्या अंगठ्याला चिंधी. आम्हाला बघून ते उठायला लागले. आई तोवर खाली जमिनीवर बसलीसुद्धा होती, त्यामुळे त्यांना उठून उभं राहावं की नाही ते कळेना, आणि ते परत बसले. मी तोंड उघडलं, "देखिए, असल में यह पूरी व्यवस्था...". आईने माझ्या पायावर हात ठेवला. 

"भैयाजी, गलती हमारी है," ती म्हणाली. "ये डिब्बा हमारे घर का है. पुराना. जूते इसमें आए थे, पर इसके पिताजी के थे. वो उनके पाँव में हैं. हमने डिब्बा खाली करके उसमें लड्डू भरे. आपकी बेटी ने कुछ नहीं लिया." तिने झाकण उलटं करून आतल्या बाजूला पेनने लिहिलेला बाबांचा कारखान्यातला टोकन नंबर दाखवला. "ये देखिए, उनका नंबर."

हलकेरामांनी तो आकडा बराच वेळ बघितला. मग बाहेरचा आठ बघितला. "उनका भी आठ है?"

"हाँ."

"उनको हर साल मिलता है?"

 "हाँ, भैयाजी. हर साल."

बाहेर कुणीतरी लाकूड फोडत होतं. हलकेरामांनी मान हलवली. "मतलब मोड़ी सच्ची बोली," ते कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले. रज्जो दाराला टेकून उभी होती. ते तिच्याकडे न बघताच म्हणाले, "रज्जो, बाई के लिए पानी ला. और काका से कह दे, तेरा टिकट न ले." एवढंच. तिने पाण्याचे दोन पेले आणले, आणि ते इतके काठोकाठ भरलेले होते की आईच्या साडीवर थोडं सांडलं. आई म्हणाली, असू दे.

आम्ही उठलो तेव्हा त्यांनी मला थांबवलं. वही त्यांच्या उशाशी होती. "बिटिया, ये 'हक़' किसने लिखा?"

"मैंने."

"तो ये बता दे," त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं, "कौन सा हक़ है? लड्डू का, कि जूते का?"

मी वही हातात घेऊन माझीच ओळ पुन्हा वाचली. पुढे आयुष्यात मी पुष्कळ सभांमध्ये बोलले, पुष्कळ प्रश्न अंगावर घेतले. त्यांतला एकही मला इतका अवघड गेला नाही.

बाबा पहिली शिफ्ट करून आले आणि नेहमीसारखे पायरीवर बसून बूट काढायला लागले. आईने खोका त्यांच्या शेजारी ठेवला आणि झालं ते सांगितलं. मी मध्येच म्हणाले, "तुम्ही सगळ्यांवर परचे लिहिले, बाबा. कँटीनच्या चहावर लिहिलात, बोनसवर लिहिलात. यांच्यावर एकही नाही."

"ते ठेक्याचे लोक आहेत नं, कुंदा," बाबा म्हणाले. "ते आपले मेंबर नाहीत. युनियनला तसं करता येत नाही."

"पाय तर तुमच्याच मापाचा आहे."

बाबांनी नाडी सोडता सोडता हात थांबवला. आई आतून म्हणाली, "अहो, मला वाटलं तुमचे जुने बूट देऊन टाकावेत त्यांना. मग वाटलं, बाकीच्यांच्या पायांचं काय?" आणि तिने गॅस पुन्हा पेटवला. चकलीचं राहिलेलं पीठ वाळायला लागलं होतं. बाबांनी एका पायातला बूट काढून खोक्याशेजारी ठेवला आणि त्यावरचा आकडा बघितला. मग म्हणाले, "परचा तू लिही. मी स्टेन्सिल कापतो."

मी लिहिला. पहिला मसुदा दोन पानी होता आणि त्यात 'रक्तपिपासू' हा शब्द तीनदा होता. बाबांनी तो वाचला आणि विचारलं, "यात बूट कुठे आहेत?" दुसऱ्यात बूट आले, पण शेवटी. भाऊबीजेपर्यंत मी लिहीत आणि बाबा खोडत होते. शेवटी उरलं ते इतकंच: 'आठ नंबर. नाप लिया गया. जूते नहीं आए. किसके पाँव का इंतज़ार है?' वर एका पायाची बाह्यरेषा काढायची असं ठरलं. मी म्हणाले, हलकेरामांचा पाय घेऊ. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मला न सांगता कळलं; पाय ओळखला गेला तर त्यांचं काम जाईल. बाबांनी स्वतःचा मोजा काढला, कागदावर पाय ठेवला आणि मला पेन्सिल दिली. मी त्यांच्या टाचेपासून निघून एकेका बोटाला वळसा घालत फिरले. त्यांना गुदगुल्या झाल्या. मापही आठच होतं, त्यामुळे परचा खोटा नव्हता.

युनियनच्या कमिटीने तो परचा वाटायला नकार दिला. तीन आठवडे वाद चालला, आणि मग बाबांनी तो एकट्याने गेटवर वाटला. ठेकेदाराचा मुकादम विचारत आला, ये पाँव किसका है? बाबा म्हणाले, "मेरा है. नापना है क्या?" ही गोष्ट टाउनशिपमध्ये बरीच वर्षं सांगितली जायची, दर वेळी थोडी वाढवून. पावसाळ्याच्या तोंडाशी यार्डातल्या माणसांना बूट आले. सगळ्यांच्या मापाचे नव्हते. कुणी पुढे चिंध्या कोंबून घातले. हलकेरामांच्या टोळीला त्याआधीच ठेकेदाराने दुसऱ्या साइटवर हलवलं होतं, त्यामुळे त्यांना ते मिळाले नाहीत. म्हणून मला हा विजय म्हणवत नाही. पण रज्जो भाऊबीजेनंतर गावी गेली नाही, दुसरीची परीक्षा देऊन मगच टोळीबरोबर गेली. निघायच्या दिवशी ती नळावर आली होती. डोक्यावर सुतळीने बांधलेला आमचा तोच खोका, आईने तिला परत दिलेला, आत तिच्या वह्या-पुस्तकं, आणि आठ पुढच्या बाजूला. "पास हो गई," ती म्हणाली. त्यानंतर ती मला कधी दिसली नाही.

आई मला कधीच म्हणाली नाही की, "मी सांगत होते ना." पुढच्या दिवाळीला तिने बाजारातून पतंगी कागदाचा ताव आणला आणि कात्रीसकट माझ्यासमोर ठेवला. मी निमूट कापायला बसले. तिने आणखी एक गोष्ट बदलली. मैदान नाही, माइक नाही, साहेब नाही. आम्ही दोघी-तिघी खिंडारातून पलीकडे जायचो, एकेका झोपडीपुढे बसायचो, आणि आई खोका हातात देऊन म्हणायची, "खोलो बेटा, हमारे सामने खोलो." कागद फाटायचा, पुठ्ठ्यावरचा आकडा बाहेर यायचा, आणि मग कुणी ना कुणी विचारायचंच की बूट कुठे आहेत. आई सांगायची. आणि विचारायची, "आपके यहाँ आए क्या?" त्या उत्तरांवरून बाबांचा पुढचा परचा निघायचा.

आता मी भोपाळच्याच बाग सेवनियातल्या एका फ्लॅटमध्ये राहते. दर दिवाळीला सोसायटीच्या ग्रुपवर निरोप येतो, गरजू मुलांसाठी भेटीचा डबा, इतक्या रुपयांत, बटण दाबा, आम्ही पोचवू. मी या डब्यांच्या विरोधात नाही. सोळाव्या वर्षी होते, आता नाही. रज्जोच्या अंगाला आलेला साबणाचा वास मी विसरलेले नाही. तेव्हा डबा जरूर भरा. आईचा नियम पाळा, वर छानसा कागद लावा. मात्र या वर्षी एक करा: एक तरी डबा स्वतः घेऊन जा, खाली बसा, आणि तो उघडेपर्यंत तिथून उठू नका.